जामच्या चौकातून दिसणारी अमेरिका

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव विदर्भाबाहेरच्या वाचकास ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला इथे वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो. एसटीची वाट पाहत इथल्या चौकात अनेकांचे आयुष्यातले बरेच तास गेले आहेत, आमचेही गेले आहेत. हिवाळ्यात इथे उभे राहिले की कापसाने शिगोशीग भरलेली वाहने हिंगणघाटच्या जिनिंगकडे जाताना दिसतात. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात. ह्या चौकातून अमेरिका दिसते असे आम्ही म्हटले, तर वाचकांस ते अतिशयोक्त वाटेल. परंतु गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत ह्या मुलखातील माणसाच्या ताटात काय पडले, अंगावर कोणते कापड आले आणि डोक्यावर कर्ज किती चढले, ह्याचे काही निर्णय सातासमुद्रापलीकडे झालेले आहेत. मराठी वाङ्मयाने त्या देशाकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचाही ह्या कापसाशी संबंध आहे. तो संबंध आम्हांला स्वतःलाच उशिरा उमगला. म्हणून हा लेखनप्रपंच.

उमगण्याचे निमित्त एका विद्यार्थिनीने दिले. महात्मा फुले ह्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ शिकवताना त्याच्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आम्ही दरवर्षी करीत असू. १८७३ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांस, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल, अर्पण केला. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो आणि आमच्या शिकवण्यातही त्याचे वजन तेवढेच होते. त्या वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, ते गुलाम सुटले, मंग थो कापूस कोन येचे?" वर्ग हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही. कारण उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते, आणि विचारणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर वेचाईला जाणारी होती.

हा प्रश्न घेऊन मागे जायचे तर १८६१पर्यंत जावे लागते. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेतील राज्यांची सारी अर्थव्यवस्था गुलामांनी पिकवलेल्या कापसावर उभी होती आणि इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग तिथूनच येई. उत्तरेच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि हा पुरवठा आटला. गिरण्या थंडावल्या, मजूर उपाशी राहू लागले आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला; शेअरांचा सट्टा माजला; १८६५च्या वसंतात युद्ध संपताच तो पूर ओसरला आणि प्रेमचंद रायचंदांसारख्या धनाढ्यांपासून लहानसहान ठेवीदारांपर्यंत अनेकांचे दिवाळे वाजले. मुंबईची ही कहाणी बरीच लिहिली गेली आहे. वर्धेच्या खोऱ्यातील कहाणी त्या मानाने कमी सांगितली जाते.

हा मुलूख इंग्रजांच्या थेट अमलाखाली येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तिसरे रघुजी भोसले १८५३मध्ये निपुत्रिक वारले आणि नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी नागपूर जिल्ह्याचा काही भाग तोडून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. ह्या जिल्ह्याचा जन्मच कापसाच्या तेजीच्या ऐन काळातला आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६६मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आखीव रस्त्यांचे वर्धा शहर वसवण्यात आले. १८६७मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाड ह्यांसाठी कापूस आयुक्त असे एक खास पद निर्माण करून त्यावर रिव्हेट-कार्नॅक ह्यांची नेमणूक झाली. एका पिकासाठी एक आयुक्त! राज्यकर्त्यांच्या लेखी ह्या भूमीची किंमत कशात होती, हे ह्या एका नेमणुकीवरून कळते.

रेल्वेपूर्वी ह्या भागाचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे उत्तरेस मिर्झापूरपर्यंत नेत. आता तो मुंबईमार्गे लिव्हरपुलास जाऊ लागला. 'हिंगणघाट' हे लिव्हरपूलच्या बाजारात एका वाणाचे नाव झाले. ते ज्या कापसाला मिळाले, तो इथला लांब आणि मऊ धाग्याचा बणी कापूस. परंतु ख्याती मिळाली आणि बणी मात्र मागे पडला. जाडाभरडा, आखूड धाग्याचा जरी कापूस अधिक उतारा देई, सरकी काढल्यावर रुईही अधिक भरे. दोन्हींच्या भावांत फारसा फरक उरला नाही, तेव्हा शेतकऱ्याने जरी पेरली. ह्याला अडाणीपणा म्हणणारे अहवाल त्या काळी लिहिले गेले. आम्हांला त्यात चोख हिशेब दिसतो. जो पिकवतो त्याला धाग्याच्या लांबीचे मोल मिळत नसेल, तर त्याने ती लांबी कोणासाठी जपावी?

ह्या पैशाची वाटणी कशी झाली, हे धोरणाने ठरवले. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड आणि अलीकडे मध्य प्रांत. माती तीच काळी, पीक तेच, बोलीही जवळजवळ तीच. पण पलीकडे रयतवारी आणि अलीकडे मालगुजारी. भोसल्यांच्या काळात मालगुजार हा मुख्यतः सारा गोळा करून देणारा माणूस होता. इंग्रजांनी बंदोबस्त करताना त्याला गावाच्या मालकीचा हक्क दिला. दफ्तरातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि पिढ्यान्पिढ्या जमीन कसणारी माणसे दुसऱ्याच्या गावातली कुळे झाली. काही वर्गांच्या कुळांना कायद्याने संरक्षण मिळाले हे खरे. तरीही गावच्या पडितावर, झाडांवर, घराच्या जागेवर कोणाचा शब्द चालायचा, हे ठरून गेले. ही पद्धत १९५१मध्ये कायद्याने संपली. 'मालगुजाराचा वाडा' हा शब्दप्रयोग मात्र इथल्या खेड्यांतून अजून ऐकू येतो.

कापूस बाहेर जाऊ लागला आणि त्याच रेल्वेने कापड आत येऊ लागले. नागपूर-वर्धेकडील महार समाजात जाडेभरडे कापड विणणारे पुष्कळ होते. कोष्टी तलम आणि काठापदराचे काम करीत. विलायती सूत आणि कापड आले तसे हातमागाचे हे उत्पन्न घटत गेले. १८७७मध्ये नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल आणि १८८१मध्ये हिंगणघाटास बन्सीलाल अबीरचंद मिल उभी राहिली. जे आपल्या घरी मागावर बसत, त्यांतले अनेक गिरणीच्या भोंग्यावर उठू लागले. ह्यात हानी होती, तशी एक वाटही होती. गावगाड्याबाहेरची मजुरी रोख पैशांत मिळे, आणि ज्या विदर्भात पुढे दलित चळवळ जोमाने फोफावली, तिच्या बळामागे ही रोख मजुरी एक कारण आहे.

आता जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेकडे परत येऊ. १८६३च्या पहिल्या दिवशी लिंकनने बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याचे घोषित केले. १८६५च्या अखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी देशभर संपवली. ज्या युद्धाने हिंगणघाटच्या कापसाला भाव दिला, त्याच युद्धाने जोतीरावांना एक उदाहरण दिले : एखाद्या समाजातील वरच्या स्थानावरची माणसे खालच्यांच्या मुक्तीसाठी आपले रक्त सांडू शकतात. आपल्या देशबांधवांनी, म्हणजे इथल्या वरिष्ठ जातींनी, तो कित्ता गिरवावा, ही त्या अर्पणामागची अपेक्षा आहे. ते नुसते आभारप्रदर्शन नव्हे. ते इथल्या वाचकांपुढे धरलेला आरसा आहे. एका गुणाचा प्रश्न म्हणून शिकवताना आमच्याकडून नेमका तोच निसटत होता.

आणखी एक गोष्ट तारखा शेजारी ठेवल्यावाचून दिसत नाही. जोतीरावांनी १८७३मध्ये लिहिले तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ चालू होता. मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष मतदान करीत होते, काही विधिमंडळांत आणि काँग्रेसमध्येही बसले होते. चारच वर्षांनी, १८७७मध्ये, केंद्राच्या फौजांचा आधार काढून घेण्यात आला आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले जाऊ लागले. १८९६मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' ह्या तत्त्वावर रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदास मान्यता दिली. आणि जमीन? ती गुलामांना मिळालीच नाही. मुक्त झालेला माणूस पूर्वीच्याच मालकाच्या शेतात बटईने कापूस पिकवू लागला. बियाणे, औत, मीठ-पीठ सारे उधारीवर, उधारी पिकावर, आणि हंगामाअखेर हिशेबाची वही दुकानदाराच्या किंवा मालकाच्या हातात. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गुलाम सुटले, आणि कापूस त्यांनीच वेचला.

हे उत्तर जेव्हा आम्ही पुढच्या वर्षीच्या वर्गात सांगितले, तेव्हा बटई हा शब्द कोणालाही समजावून द्यावा लागला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कापसाचे भाव घसरत राहिले. मिसिसिपीकाठचा बटईदार आणि वर्धेकाठचे कूळ एकाच बाजारासाठी, उतरत्या भावात, उधारीवर पिकवत होते. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते. तारायंत्राने भाव मात्र दोघांपर्यंत पोहोचत होता. अर्थात आधी व्यापाऱ्याकडे आणि मग त्यांच्याकडे.

ह्याच पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा १८८९चा ग्रंथ पाहायला हवा. १८८६मध्ये रमाबाई लिव्हरपूलहून जहाजाने फिलाडेल्फियास गेल्या. हे लिव्हरपूल म्हणजे जगातील कापसाची पेठ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभास त्या उपस्थित राहिल्या आणि त्यानंतर सुमारे पावणेतीन वर्षे त्या देशभर हिंडल्या. मराठीत प्रवासवर्णन म्हटले की देवळे, डोंगर, इमारती. रमाबाईंनी मात्र तिथली शासनव्यवस्था, घरगुती राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग अशी प्रकरणे पाडली. एखाद्या देशातील कायदे, तिथली समता आणि तिथले आचारविचार ह्यांतून सामान्य माणसाचा दिवस कसा घडतो, हा प्रश्न मराठीत इतक्या पद्धतशीरपणे त्यापूर्वी विचारला गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ह्या ग्रंथाचे आम्हांस विशेष वाटते ते असे, की त्यात पारतंत्र्यातील एक स्त्री दुसऱ्या देशाचे परीक्षण करते आहे. इंग्रजांचे जोखड झुगारून दिलेल्या प्रजासत्ताकाविषयी तिच्या मनात आदर आहे. स्त्रियांच्या संस्था, त्यांचे शिक्षण, त्यांची मताधिकाराची लढाई ह्यांविषयी उत्कंठा आहे. पण हे कौतुक आंधळे नाही. त्या देशातील वर्णद्वेष आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय ह्यांवर तिने बोट ठेवले आहे. तरीही प्रामाणिकपणे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुशिक्षित, सुधारक गोऱ्या स्त्रियांमध्ये होता. त्यांच्या मदतीनेच शारदा सदन उभे राहावयाचे होते. कापसाच्या शेतातील बटईदार बाई त्या ग्रंथाच्या केंद्रस्थानी येत नाही. जोतीरावांनी अमेरिका पाहिली नाही, रमाबाईंनी ती डोळ्यांनी पाहिली. दोघांच्याही चित्राबाहेर ती बाई राहिली. हा त्यांचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. दूरच्या समतेकडे पाहताना ती समता कोणाच्या पाठीवर उभी आहे हे दिसणे किती अवघड असते, त्याचे हे उदाहरण आहे.

रमाबाईंचा आमच्या प्रांताशी पुढे एक वेगळाच संबंध आला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने निराधार झालेल्या कितीतरी मुलींना व स्त्रियांना बरोबर घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनाचा विस्तार ह्या दुष्काळातून झाला. अमेरिकेतील प्रकरणांत ज्या बाईने शासन आणि दानधर्म ह्यांवर लिहिले, तिला सरकारी धोरण कुठे अपुरे पडते ह्याचा प्रत्यय इथल्या दुष्काळात आला.

विसाव्या शतकात हा धागा अनेक हातांतून गेला. १९१३ ते १९१६ ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता ह्यांची तुलना करताना अस्पृश्यता अधिक वाईट का, ह्याची कारणे मांडली आणि १९४६मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस ह्यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी विचारणा केली. इकडे वर्ध्यात १९२८मध्ये जमनालाल बजाज ह्यांनी आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. १९३६मध्ये गांधीजी शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास आले आणि कापूस हा पुन्हा एकदा घरच्या चरख्यावर आणण्याचा प्रयत्न झाला. मंदिर खुले होणे ही मोठी गोष्ट होती. पण ती मालकाच्या मनावर अवलंबून होती; हक्क म्हणून ती राज्यघटनेनेच दिली. १९५६मध्ये नागपुरास धम्मदीक्षा झाली, तिला वर्धा-हिंगणघाटकडूनही माणसे गेली. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे ह्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य दलित लेखकांपुढे आदर्श म्हणून ठेवले, आणि १९७२मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. जोतीरावांची अर्पणपत्रिका मुक्ती देणाऱ्यांना होती. शंभर वर्षांनी पँथरने आपले नाते जोडले ते मुक्ती मागणाऱ्यांशी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील हा पालट आमच्या मते पुरेसा शिकवला जात नाही.

त्याच १९७२च्या सुमारास महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापाऱ्याच्या जागी शासन हमी भावाने कापूस घेऊ लागले. चुकारे रखडण्याच्या आणि प्रतवारीच्या तक्रारी आमच्या घरांतूनही ऐकलेल्या आहेत. तरीही तीन दशके भाव कोसळण्याच्या भीतीवर ती एक आडोसा होती. २००२नंतर ती मक्तेदारी उरली नाही. त्याच वर्षी देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांना भरघोस अनुदाने देणारा नवा शेती कायदा केला. त्या अनुदानांमुळे जागतिक भाव दबतात अशी तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि २००५मध्ये निकाल मुख्यतः ब्राझीलच्या बाजूने लागला. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. आत्महत्यांना एकच कारण नसते. अनुदान हे त्यांपैकी एक, आणि तेही दूरचे. पण १८६१च्या नाकेबंदीप्रमाणेच, जो निर्णय इथल्या शेतकऱ्याला विचारून झाला नव्हता, त्याचा भार त्याच्यावर पडला.

ही साखळी तुटलेली नाही. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांवर नेला आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरील ११ टक्के शुल्क माफ केले; ती माफी पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. कापड उद्योगास दिलासा हा त्यामागचा हेतू. पण सवलतीचे महिने म्हणजे नेमके विदर्भातील वेचणीचे महिने. जामच्या चौकातून कापूस घेऊन जाणाऱ्याला आपला भाव ठरवणाऱ्यांत वॉशिंग्टन आणि दिल्ली दोन्ही असल्याचे कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. त्याला ते पुरते कळते.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून कापूस यंत्रे वेचू लागली आणि त्याआधीपासूनच लाखो कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतील शेते सोडून उत्तरेच्या शहरांकडे गेली. आपल्याकडे अजूनही जवळजवळ सारा कापूस हातांनी वेचला जातो. बहुतेक बायकांच्या हातांनी, आणि त्यांतल्या पुष्कळ भूमिहीन दलित-आदिवासी घरांतल्या. मजुरी किलोवर मिळते. बोंडाच्या टोकांनी बोटे सोलली जातात. कायद्याने आलेली समता ह्या बाईला मतदार म्हणून पोहोचली आहे, मुलीला महाविद्यालयात पाठवण्यापर्यंत पोहोचली आहे. वजनकाट्यापर्यंत ती किती पोहोचली, हा प्रश्न आम्ही साहित्याचे शिक्षक म्हणूनही टाळू शकत नाही.

म्हणून आम्ही आमच्या अध्यापनात एक लहानसा बदल केला आहे. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका, रमाबाईंच्या ग्रंथातील एखादे प्रकरण आणि दलित पँथरचा इतिहास हे आता आम्ही सलग शिकवतो, आणि विद्यार्थ्यांना एक काम देतो : घरातील वडीलधाऱ्यांना कापसाविषयी विचारून दोन पाने लिहून आणणे. त्या पानांतून आम्हांला मालगुजारीतल्या वेठीच्या आठवणी, एकाधिकाराच्या चुकाऱ्यातून झालेली लग्ने, वेचाईच्या पैशातून घेतलेली पहिली पाटी असे बरेच काही मिळाले आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने लिहिले होते, की आजी वेचायची, आई वेचते, आणि आपण वेचतो पण सुट्टीपुरते. तो पेपर तपासताना 'सुट्टीपुरते' ह्या शब्दाखाली आम्ही रेघ ओढली. अर्पणपत्रिकेवरचा प्रश्न अजून एका गुणाचाच आहे. तो अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत पाच गुणांचा करावा, असा आमचा प्रस्ताव तयार आहे.